परवाना लागत नाही म्हणतात, मग टेक्सासचं एलटीसी (हँडगन सोबत बाळगायचं लायसन्स) का आणि कसं काढायचं

एचवनबी, एचफोर, एलवन, एफवन, यातल्या कुठल्याही व्हिसावर असाल तर हे पुढचं सगळं माहिती म्हणून वाचा, पण अर्ज भरायला बसू नका. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आमच्या डॅलसकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी "आता टेक्सासमध्ये लायसन्स लागतच नाही ना, मग घेऊन टाकू का एक" असं विचारतं आणि खाली दहा अंगठे येतात. टेक्सासने किती ढील दिली याच्याशी तुमच्या व्हिसाचा काही संबंध नाही. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने गन किंवा नुसत्या गोळ्या जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आधी १० होती ती २०२२ मध्ये वाढवली, आणि वर डिपोर्टेशन. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यात एक सूट आहे, पण त्या फटीतून कॅरी करायला, म्हणजे गन सोबत घेऊन फिरायला, निघण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा, ग्रुपवर विचारू नका.

आणि फक्त स्वतःचं बघू नका. भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, ते व्हिजिटर व्हिसावर असतात म्हणजे तेही याच यादीत. बाबांना रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देऊन फोटो काढायची हौस बऱ्याच जणांना असते, माझ्या नवऱ्यालाही होती, मी नाही म्हटलं तर सासरे दोन दिवस गप्प होते. पण भाड्याची गन हातात घेतली तरी ती जवळ बाळगणंच धरलं जाऊ शकतं. घरात गन असेल तर तिच्या सेफचा कोडही पाहुण्यांना द्यायचा नाही.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर रस्ता मोकळा. आपल्या लोकांची ग्रीन कार्डची लाइन बघता तोवर गुडघे जातील हा भाग वेगळा.

आता नियम कसे बदलत गेले ते थोडं सांगते, म्हणजे आत्ताचा गोंधळ का आहे ते कळेल. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक आत घातला आणि गोळ्या घालून २३ लोक मारले. सुझॅना हप नावाची बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती, तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं कारण तेव्हा सोबत घेऊन फिरणं बेकायदा, आणि दोघंही आईवडील त्यात मारले गेले. तिने नंतर ठिकठिकाणी साक्ष दिली. १९९३ मध्ये गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी बिल अडवलं, १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू बुश यांनी सही केली आणि १९९६ पासून लपवून हँडगन बाळगायचं लायसन्स सुरू झालं, त्याला सीएचएल म्हणायचे. जुनी माणसं अजून सीएचएलच म्हणतात. २०१३ मध्ये लायसन्ससाठीचा क्लास १० तासांचा होता तो ४ ते ६ तासांवर आला. १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना होल्स्टरमध्ये उघडी गन चालायला लागली आणि नाव बदलून एलटीसी झालं, लायसन्स टू कॅरी. २०१७ मध्ये फी १४० डॉलरवरून ४० वर आली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने गन बाळगायला पात्र असलेल्या माणसाला लायसन्सशिवायच हँडगन घेऊन फिरायची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी फेडरल कोर्टाने १८ ते २० वाल्यांना वगळणंही घटनाविरोधी ठरवलं.

म्हणजे "लागत नाही" हे खरंच आहे. पण लायसन्स बंद झालं नाही, ते ऐच्छिक झालं, आणि माझं मत विचाराल तर २०२१ नंतर ते काढायची कारणं कमी झाली नाहीत, फक्त लोकांना दिसेनाशी झाली.

पहिलं कारण शाळा. फेडरल कायद्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत गन बाळगता येत नाही, त्यातून सुटका कोणाला, तर ज्याला त्या राज्याने लायसन्स दिलंय त्याला. लायसन्सशिवाय फिरायची जी टेक्सासची सवलत आहे ती यात धरत नाहीत. आता प्लेनो, फ्रिस्को, केटी असल्या भागात राहणाऱ्याने नकाशा उघडून बघावा की १००० फुटांच्या आत एकही शाळा न लागता कॉस्टकोला जाता येतं का. आमच्या घरापासून एलिमेंटरी स्कूल तीन मिनिटांवर आहे, मी दूध आणायला निघाले तरी दोन वेळा तो झोन ओलांडते. गन रिकामी करून कुलूपबंद डब्यात ठेवली तर चालतं, पण मग ती सोबत ठेवायचा हेतूच राहत नाही.

दुसरं, राज्याबाहेर. टेक्सासचं एलटीसी तीसहून जास्त राज्यं मानतात, आजूबाजूची ओक्लाहोमा, लुइझियाना, आर्कान्सा, न्यू मेक्सिको सगळी. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, मेरिलंड इथे ते कार्ड म्हणजे नुसतं प्लास्टिक. न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे गाडीने जायचं ठरवलं आणि सीटखाली पिस्तूल राहिलं तर तिथे थेट अटक, "आमच्याकडे चालतं" हे कोणी ऐकून घेत नाही. दर ट्रिपच्या आधी डीपीएस या टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या साइटवरचा नकाशा बघायचा, गेल्या वर्षी बघितला होता यावर जायचं नाही, ही यादी बदलत असते.

तिसरं, दारावरच्या गनबंदीच्या पाट्या, त्यांचं पुढे लिहिते. चौथं, युनिव्हर्सिटी कॅम्पसवर गन नेता येते ती फक्त लायसन्सवाल्यांना आणि तिथेही प्रत्येक युनिव्हर्सिटीचे आपले नियम आहेत. (हा कॅम्पस कॅरीचा नियम १ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला, म्हणजे ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी टॉवरवरून झालेल्या गोळीबाराला ज्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली त्याच दिवशी, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की काय देव जाणे.) पाचवं छोटं, दुकानात गन घेताना फॉर्म भरावाच लागतो पण एलटीसी दाखवलं की बॅकग्राउंड चेकसाठी थांबावं लागत नाही.

बरं, आता काढायचं कसं.

आधी स्वतःचं रेकॉर्ड आठवा. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल तर विषयच नाही. क्लास ए किंवा बी मिसडिमीनर, म्हणजे त्याहून हलका गुन्हा, असेल तर पाच वर्षं थांबा, आणि इथे आपल्यातले बरेच जण अडकतात ते डीडब्ल्यूआयमध्ये, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्यात, पार्टीतून घरी येताना पकडले गेलेले. पहिलं डीडब्ल्यूआय साधारण क्लास बी असतं, म्हणजे पाच वर्षं गेली, आणि दारूच्या अशा दोन केसेस दहा वर्षांत झाल्या तर कायदा तुम्हाला व्यसनी धरतो. वकिलाने डिफर्ड (दोषी न ठरवता निकाल लांबणीवर टाकणं) मिळवून दिलं म्हणजे सुटलो असं समजू नका, या अर्जासाठी डिफर्डही बहुतेक वेळा शिक्षाच मोजतात. केस चालू असेल तरी अडतं. चाइल्ड सपोर्ट थकलेला असेल, राज्याचा कर थकला असेल, प्रोटेक्टिव्ह ऑर्डर (कोणाला त्रास देऊ नका असा कोर्टाचा आदेश) असेल, तरी नाही. लपवायला जाऊ नका, सगळं निघतं.

मग अर्ज. डीपीएस म्हणजे ज्यांच्याकडे आपण ड्रायव्हिंग लायसन्सला रांग लावतो तेच खातं, पण इथे रांग नाही, अर्ज ऑनलाइन. ड्रायव्हिंग लायसन्स नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर, गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते आणि नोकऱ्या. हे शेवटचं ऐकायला सोपं वाटतं पण कन्सल्टिंगवाल्यांनो तुम्ही आधी एक कागद घेऊन बसा, नवऱ्याचे पाच वर्षांतले चार क्लायंट, तीन अपार्टमेंट आणि एक पेइंग गेस्टचं घर लिहून काढायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाची कॉपी जोडायची. ४० डॉलर भरायचे, आणि ते गेले की गेले, अर्ज नाकारला तरी परत मिळत नाहीत.

त्यानंतर बोटांचे ठसे. अपॉइंटमेंट घेऊन सेंटरला जायचं, त्याची फी वेगळी. माझे ठसे पहिल्यांदा रिजेक्ट झाले, मशीनवाली मुलगी म्हणाली रेषाच दिसत नाहीयेत, भांडी फार घासता का. घासते बाई. दुसऱ्या वेळी जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री हाताला खोबरेल चोळलं आणि दोन दिवस नवऱ्याला सिंकपाशी उभं केलं, तेव्हा कुठे उमटले. मसाले कुटणाऱ्या, कणीक मळणाऱ्या, गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

क्लास अर्जाच्या आधी करा किंवा नंतर, दोन्ही चालतं, मी म्हणेन आधी करा म्हणजे आपल्याला हे खरंच हवंय का ते कळतं. ४ ते ६ तास, आता ऑनलाइनही करता येतो, पण गोळी चालवायची परीक्षा प्रत्यक्ष रेंजवरच. क्लासमध्ये चार गोष्टी असतात: कायदा आणि जीवघेणं बळ कधी वापरता येतं, गन हाताळणं, मुलांपासून लांब नीट ठेवणं, आणि मारामारी न करता भांडण कसं मिटवायचं. हा चौथा विषय आपल्या एचओएच्या, म्हणजे सोसायटीच्या, मीटिंगला कंपल्सरी करायला हवा. ऑनलाइन सोपं पडतं हे मान्य, पण कायद्याचा भाग समोरासमोर शिका असं माझं ठाम मत आहे कारण खरे प्रश्न तिथेच येतात, आमच्या वर्गात एका काकांनी विचारलं की गाडी चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर, आणि त्यावर इन्स्ट्रक्टर पाऊण तास बोलला, ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. शेवटी लेखी परीक्षा, ७० टक्के लागतात.

गोळीबाराची परीक्षा बायका उगीच घाबरून टाळतात म्हणून सविस्तर सांगते. एकूण ५० गोळ्या. २० गोळ्या ३ यार्डांवरून, २० गोळ्या ७ यार्डांवरून, १० गोळ्या १५ यार्डांवरून. ३ यार्ड म्हणजे ९ फूट, आपल्या हॉलमध्ये सोफ्यापासून टीव्ही असतो तेवढंच. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त ५ गुण, म्हणजे २५० पैकी १७५ मिळाले की पास. वेळ लावलेली असते, जवळच्या अंतरावर एक गोळी दोन सेकंदांत, मग दोन गोळ्या तीन सेकंदांत, मग पाच गोळ्या दहा सेकंदांत. दोन सेकंद ऐकून पोटात गोळा येतो पण गन आधीच हातात तयार धरलेली असते, सिनेमातल्यासारखी कमरेतून उपसायची नसते. माझी पहिली गोळी गेली कागदावरच्या माणसाच्या खांद्याबाहेर, आवाजाने डोळे मिटले होते, दुसऱ्यापासून ठीक. कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या जाडीची, किमान अट पूर्वी होती ती २०१७ मध्ये काढली, तेव्हा मनगट दुखत असेल तर पॉइंट टू टू चं पिस्तूल घेऊन जा, धक्का नसल्यासारखाच असतो. परीक्षेच्या आधी एकदा तरी रेंजवर तासभर सराव करा. कानाला मफ्स आणि आत फोमचे प्लगही, दोन्ही घाला. आणि गळा बंद असलेला टॉप घाला, तापलेलं रिकामं काडतूस उडून गळ्यात पडलं की माणूस नाचतो आणि हातात भरलेली गन असताना नाचू नये.

पास झालात की इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट देतो, ते अपलोड करायचं. सगळे कागद पोचल्यापासून डीपीएसला ६० दिवस असतात. कार्ड पहिल्यांदा साधारण चार वर्षांचं, चौथ्या वर्षानंतर येणाऱ्या वाढदिवसापर्यंत, पुढचं पाच वर्षांचं आणि रिन्यू करताना क्लास परत करावा लागत नाही. घर बदललंत तर ३० दिवसांत कळवायचं, हे शंभरातले नव्वद विसरतात.

आता पाट्या. टेक्सासमध्ये दुकानाच्या दारावर गनच्या चित्रावर फुली असलेला स्टिकर आणि कायद्याची पाटी यात फरक आहे. लायसन्सवाल्यांसाठी दोन पाट्या ओळखायला शिका, नावं कायद्यातल्या कलमांच्या नंबरावरून: ३०.०६ म्हणजे लपवून आणू नका, ३०.०७ म्हणजे उघडी आणू नका. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, लांबलचक मजकूर, बघता क्षणी कंटाळा येतो तीच ती. २०२१ पासून तिसरी आली, ३०.०५, ती बिनलायसन्सवाल्यांना अडवते. म्हणजे ज्या दुकानावर नुसती ३०.०५ आहे तिथे एलटीसीवाला जाऊ शकतो, शेजारचा बिनलायसन्सचा नाही. पाटी असून आत गेलात तर २०० डॉलरपर्यंत दंड, पण तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत तर प्रकरण क्लास ए वर जातं, तिथे जेल आहे. सांगितलं की हुज्जत न घालता निघायचं. आणि मोठ्या लाल अक्षरात ५१% लिहिलेली पाटी दिसली की ते बार आहे, निम्म्याहून जास्त धंदा दारूचा, तिथे लायसन्स असो नसो गन नेणं फेलनी. मित्राच्या वाढदिवसाला घाईघाईत आत शिरताना हीच पाटी नजरेतून सुटते.

पाटी नसली तरी बंद असलेल्या जागा वेगळ्या: शाळेची इमारत, कोर्ट, मतदान केंद्र, एअरपोर्टचा सिक्युरिटीच्या आतला भाग, शाळा-कॉलेजच्या आणि प्रोफेशनल मॅचेस. पोस्ट ऑफिस फेडरल, तिथे पार्किंगमध्येसुद्धा नाही.

आपल्या लोकांचा घोळ होतो तो इथे: आपल्याकडचे गणपतीचे, दिवाळीचे, नाटकांचे कार्यक्रम हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन होतात. रविवार आहे, मुलं नाहीत, आपलेच लोक आहेत, म्हणून ती शाळा नाही असं होत नाही. एलटीसी असलं तरी त्या इमारतीत गन नेता येत नाही. पार्किंगमध्ये गाडीत कुलूप लावून ठेवा, त्याहून बरं म्हणजे घरीच ठेवा, तसंही नऊवारीत होल्स्टर लावायला जागा नाही, मी प्रयत्न केलाय. मंदिराचं उलटं आहे, प्रार्थनास्थळं आधी बंदीच्या यादीत होती ती २०१९ मध्ये काढली, आता मंदिराने ३०.०६, ३०.०७ लावली असेल तरच बंदी. चप्पल काढतो तिथेच शेजारी पाटी असते, वर बघा.

घरात १७ वर्षांखालचं मूल असेल आणि भरलेली गन निष्काळजीपणे ठेवल्यामुळे त्याच्या हाताला लागली तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे, मुलाने काही केलं नाही तरी. ती चालून कोणी गंभीर जखमी झालं किंवा गेलं तर क्लास ए. पर्स हे मुलांचं खेळायचं पहिलं ठिकाण असतं, च्युइंगगम शोधायला हात घालतात, त्यामुळे पर्समध्ये गन ठेवून ती पर्स सोफ्यावर टाकायची सवय असेल तर कृपा करून कॅरीच करू नका.

पोलिसांनी गाडी थांबवली तर: जवळ गन आहे आणि ऑफिसरने ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही द्यायचं, कायद्यात तसं आहे. रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, "ऑफिसर, माझ्याकडे एलटीसी आहे, गन उजव्या कमरेला आहे, काय करू" एवढं शांतपणे. ग्लोव्हबॉक्समध्ये कागद आणि गन एकत्र ठेवू नका. आणि भारतातल्या सवयीने गाडीतून उतरून "साहेब" म्हणत चालत जाऊ नका.

शेवटचं भारतात जाण्याचं. पिस्तूल कोणी नेत नाही हो, पण गोळी जाते. भारतात लायसन्सशिवाय एक जिवंत काडतूस बॅगेत सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली केस होते, मुद्दाम ठेवलं नव्हतं हे सिद्ध करत बसायचं, तोवर फ्लाइट गेलेली. मी गेल्या वेळी रेंजला नेते तीच काळी सॅक केबिन बॅग म्हणून भरत होते, चार्जर, औषधं, सासूबाईंसाठीची व्हिटॅमिनं सगळं घालून झालं, आणि झोपायच्या आधी काय वाटलं कुणास ठाऊक, सगळं काढून सॅक उलटी करून पलंगावर आपटली. काही नाही. मग बाजूच्या खिशातल्या अस्तराला बोट लागलं, शिवण दोन बोटं उसवलेली, आणि आत नाइन एमएमची एक गोळी. रात्री साडेअकराला मी आणि नवरा तिच्याकडे बघत बसलो. आता ती सॅक गॅरेजमध्ये खुंटीला लटकते, हँडलला पूजेतला लाल दोरा बांधलाय, आणि घरात कोणीही ती प्रवासाला उचलायची नाही.